डावीकडून चौथी

कॉलेजचं मॅगझीन कुणी दुकानातून विकत आणून वाचलंय, असं माझ्या ऐकिवात नाही. ते फीमध्ये यायचं. जूनमध्ये फी भरली की पावतीवर जिमखाना, लायब्ररी, लॅबोरेटरी यांच्या खाली कुठंतरी 'मॅगझीन' अशी दोन-चार रुपयांची नोंद असायची. त्या रकमेच्या बदल्यात वर्ष संपून, निकाल लागून, निम्मी मुलं पांगल्यावर ऑफिसच्या खिडकीतून एक जाडसर अंक हातात पडायचा. आपलं नाव, मित्राचं नाव आणि जिच्याशी वर्षभर बोलायचं धाडस झालं नाही तिचा फोटो, एवढं पाहून झालं की अंक कपाटावर. कपाटावरून माळ्यावर. आणि घराला रंग काढायच्या वर्षी माळ्यावरून रद्दीवाल्याकडे.

रद्दीवाल्याकडून पुढे तो कधीकधी माझ्याकडे येतो. गेली तीसेक वर्षं मी ही जुनी मॅगझिनं जमवतो आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात, जुन्या बाजारात, मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर, आणि बँकेनं बदली करून जिथं जिथं पाठवलं त्या गावांच्या रद्दीच्या दुकानांत. स्वतःच्या कॉलेजची नव्हेत, ती माझ्या मित्रांनीच जपून ठेवली आहेत आणि दर दिवाळीला ते ती मला दाखवतात. माझ्याकडचे अंक अशा कॉलेजांचे, की जिथं मी कधी पाऊल टाकलं नाही, आणि अशा सालांचे, की तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. त्यातल्या एकाही माणसाला मी ओळखत नाही. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा शांतपणे विचारलं होतं, ''आपले स्वतःचे नातेवाईक कमी पडतात का?''

तसं नाही. पण नातेवाइकांच्या बाबतीत पुढं काय झालं ते आपल्याला ठाऊक असतं.

अमेरिकेत या गोष्टीला 'इयरबुक' म्हणतात, आणि तिचा थाट वेगळा. १८६०च्या दशकात जॉर्ज वॉरन नावाचा मॅसॅच्युसेट्समधला एक फोटोग्राफर तिकडच्या कॉलेजांतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांचे फोटो काढायचा. मुलं एकमेकांचे, प्राध्यापकांचे, इमारतींचे फोटो निवडून त्यांचा आल्बम बांधून घ्यायची. पुढे छपाई स्वस्त झाल्यावर त्याचं पुस्तक झालं, आणि त्यात प्रत्येक मुलाला स्वतःची चौकट मिळाली. पहिला आलेला असो की नापास होता होता वाचलेला, चौकट सारखीच. हार्वर्डमध्ये २००४ साली सुरू झालेल्या 'फेसबुक'नं आपलं नाव घेतलं तेही विद्यार्थ्यांचे चेहरे छापणाऱ्या अशाच कॉलेजी पुस्तिकांवरून. आता आपण सगळेच त्या चौकटीत जाऊन बसलो आहोत.

या इयरबुकांवर तिकडे संशोधनंही झाली. कॅलिफोर्नियातल्या मिल्स या मुलींच्या कॉलेजची १९५८ आणि १९६०ची इयरबुकं घेऊन दोघा मानसशास्त्रज्ञांनी मुलींच्या हसण्याचं मोजमाप केलं. हसू खरं की फोटोपुरतं, हे डोळ्यांच्या कडांवरून ठरवलं. आणि ज्या मनापासून हसल्या होत्या त्यांचे संसार नि एकूण आयुष्य पुढची तीस वर्षं अधिक समाधानाचं गेलं, असा निष्कर्ष २००१ साली छापला. २०१५ साली बर्कलेच्या संशोधकांनी १९०५ ते २०१३ या काळातल्या शाळांच्या इयरबुकांतले अडतीस हजारांच्या आसपास चेहरे संगणकाला पाहायला लावले. दशकागणिक हसू वाढत गेलेलं दिसलं. हे दुसरं मला पटतं. पहिल्याबद्दल माझं मत राखून ठेवतो, कारण तो निकष लावला तर १९४० सालच्या आपल्या यच्चयावत कॉलेजकन्यकांचे संसार दुःखाचे व्हायला हवे होते. आपल्याकडे फोटोत कुणी हसतच नसे!

आपल्याकडे चौकटही नसे. 'विल्सोनियन' घ्या, 'राजारामियन' घ्या, नाहीतर एखाद्या तालुक्याच्या गावच्या कॉलेजचा खाकी कव्हराचा अंक घ्या, फोटो म्हणजे ग्रुप फोटो. त्याला कारण पैशाचं. खिळे जुळवून छापायच्या त्या काळात फोटो छापायचा तर जस्ताचा किंवा तांब्याचा ठोकळा करून घ्यावा लागे आणि त्याचा दर चौरस इंचावर असे. त्यामुळे स्वतंत्र फोटो मिळायचा तो प्राचार्यांना, एखाद्या देणगीदाराला, आणि युनिव्हर्सिटीत झळकलेल्या विद्यार्थ्याला. बाकी सारं कॉलेज चाळीस-चाळीसच्या गठ्ठ्यानं गुळगुळीत आर्ट पेपरवर बसायचं: मराठी वाङ्मय मंडळ, डिबेटिंग युनियन, हॉस्टेल कमिटी, क्रिकेटचा संघ. खाली बारीक टायपात नावं. 'खुर्चीवर बसलेले, डावीकडून उजवीकडे', मग 'उभे', मग 'जमिनीवर बसलेले', आणि शेवटी मला सगळ्यांत आवडणारी ओळ: 'फोटोत नाहीत'. का नव्हते हे लोक? ताप आला होता, की इस्त्रीचा सदरा नव्हता? एका अंकात तर चिटणीसच फोटोत नाहीत.

असे फोटो पाहण्याची एक पद्धत आहे. आधी खुर्च्या पाहायच्या नाहीत. तिथं मान्यवर असतात आणि ते सगळीकडे सारखेच दिसतात. मागच्या रांगेची टोकं पाहायची. तिथं एखादा हललेला असतो, त्याच्या तोंडाचा नुसता धूर झालेला असतो. एखाद्यानं शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवलेला असतो. कोट एकाचाच पण दोन फोटोंत दोघांच्या अंगावर, हेही मी पाहिलं आहे. अगदी कडेला टोपी घातलेला शिपाई उभा असतो. त्याचं नाव बहुधा छापलेलंच नसतं, आणि छापलं असलंच तर नुसतं पहिलं: 'गोपाळ', 'बाबू'. तीस वर्षं त्यानं घंटा दिली असेल, पण आडनाव कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

हे अंक विकणारे आता शहाणे झाले आहेत. नंतर प्रसिद्ध झालेल्या कुणा लेखकाचा किंवा पुढाऱ्याचा विद्यार्थिदशेतला फोटो सापडला की ते कोपरा दुमडून ठेवतात आणि किंमत दसपट सांगतात. मला त्यात रस नाही. नामवंतांच्या तरुणपणात आपण त्यांचं नामवंतपण शोधत बसतो आणि ते सापडतंही. कपाळ भव्य वगैरे दिसू लागतं. अनोळखी माणसाच्या बाबतीत तशी सोय नाही. १९४२च्या फेब्रुवारीत काढलेल्या फोटोतल्या मुलांना ऑगस्टमध्ये काय होणार आहे हे ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे. त्या वर्षीच्या फोटोंतली पोरं पाहताना मी नकळत मोजू लागतो, यातली किती जणं कॉलेज सोडून गेली असतील, किती तुरुंगात, आणि किती मुकाट्यानं पुढच्या टर्मची फी भरून वर्गात बसली असतील. चेहऱ्यावरून काही कळत नाही. कादंबरीकार म्हणून मी ही गोष्ट पुनःपुन्हा शिकत आलो.

माझा दुसरा धंदा बँकेचा होता, आणि या छंदाला खरं वळण त्यानं लावलं. बँकेत सहीचं नमुनाकार्ड असतं. लग्न होऊन आलेली मुलगी खात्यावरचं नाव बदलायला यायची, तेव्हा तिच्या कार्डावर जुन्या सहीच्या खाली नवी सही घ्यावी लागे. जुनी सही एका झटक्यात केलेली, शेवटी ऐटबाज रेघ. नवी सही अक्षर अक्षर लावून, शाळेतल्यासारखी. आपल्याकडे नुसतं आडनाव बदलत नसे, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येई, आणि पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून पहिलं नावही नवं मिळे. तीनपैकी तिन्ही शब्द गेले! एखाद्या खात्याची अशी पूर्ण ओळख बदलायची तर आम्ही चार कागद मागितले असते.

म्हणून मॅगझिनमध्ये 'कु.' असं लागलेलं नाव आलं, की मी थबकतो. मोठ्यांचंच पाहा. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' लिहून खळबळ उडवणाऱ्या विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे, आणि त्याच पुढे मालतीबाई बेडेकर. इरावतीबाई कर्वे १९२६ साली फर्ग्युसनमधून पदवीधर झाल्या तेव्हा त्या करमरकर होत्या. कमलाबाई सोहोनी शास्त्रज्ञ म्हणून घडल्या त्या भागवत या नावानं. या बायका थोर झाल्या म्हणून कुणीतरी दोन्ही नावं एकमेकांना जोडून ठेवली. बाकीच्यांची जोडणार कोण?

आनंदीबाई जोशींचा तो सुप्रसिद्ध फोटो तुम्ही पाहिला असेल. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेला. त्यात तिघी आहेत, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आपण मराठी माणसं त्यातल्या साडीकडे पाहतो आणि थांबतो. (माहेरच्या यमुनेची सासरी आनंदी झाली, हेही आपण पाठ केलेलं असतं.) तिच्याबरोबरची किमोनो घातलेली जपानी मुलगी कोण? तिचं नाव केई ओकामी. १८८९ साली पदवी घेऊन ती मायदेशी परतली, टोकियोच्या एका इस्पितळात रुजू झाली, आणि केवळ बाई म्हणून सम्राटानं तिची सेवा नाकारली तेव्हा राजीनामा देऊन तिनं स्वतःचा दवाखाना काढला. तिसरी सबात इस्लामबूली, दमास्कसची, १८९०ची पदवीधर. पुढे १९१९च्या सुमाराला ती कैरोत असल्याची नोंद आहे. आनंदीबाई १८८७च्या फेब्रुवारीत वारल्या. फोटोतल्या त्यांच्या दोन्ही मैत्रिणी १९४१पर्यंत जगल्या. आपल्या पाठ्यपुस्तकाच्या मागे-पुढे कुठंतरी हा फोटो कापून एकटीचा होतो, तेव्हा तो केवढा कापला जातो पाहा.

आता मूळ गोष्टीकडे येतो. १९४१-४२ सालचा एक अंक मला २००४ साली दक्षिण महाराष्ट्रातल्या एका रद्दीच्या दुकानात सात रुपयांना मिळाला. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण त्यावरून माणसं ओळखू येतील आणि त्यांची तशी इच्छा नाही. युद्धामुळे कागद दुर्मिळ, त्यामुळे अंक रोडावलेला. इंग्रजी विभाग आधी, मग मराठी, संस्कृत, शेवटी पाचसहा पानं कानडी. मराठी वाङ्मय मंडळाच्या फोटोत खुर्चीच्या रांगेत डावीकडून चौथी एक मुलगी आहे. काचोळ्या बांगड्या, नऊवारी, केसांचा अंबाडा, आणि मनगटावर घड्याळ. हात तिनं असा ठेवला आहे, की घड्याळ दिसावं.

याच मुलीचा अंकात लेख आहे, अडीच पानांचा, मिरज स्टेशनवरच्या बायकांच्या वेटिंग रूमबद्दल. मिरज तेव्हा गाड्या बदलण्याचं गाव. पुण्याहून येणारी मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणारी बार्शी लाइटची अडीच फुटी चिमुकली गाडी यांची तिथं गाठ पडायची, आणि गाठ चुकली की तीन-तीन तास बाकावर. सुटीत घरी जाता-येता ती तिथं बसायची. लेखात तिनं वेटिंग रूममधल्या बायका टिपल्या आहेत: पंढरीहून परतणारी म्हातारी, मिशन हॉस्पिटलमधली नर्स, कडेवर आजारी पोर घेतलेली एक शेतकरीण. कुणाच्या बोचक्यात काय आहे तेही तिनं पाहून घेतलंय. आणि शेवटाकडे ती सहज लिहून जाते, की हॉस्टेलवर रेक्टरबाई असतात, घरी सगळेच असतात, पण या तीन तासांत ऊठ-बस सांगणारं कुणी नसतं, म्हणून गाडी उशिरा आली तर तिची काही तक्रार नाही. कुठं अलंकार नाही, सूर्यास्त नाही. त्याच अंकात मुलांच्या लेखांत सात सूर्यास्त आहेत.

हे लिहिणारीनं पुढं काहीच लिहिलं नाही? मला चैन पडेना. बँकेत वारस शोधायची सवय होतीच. दहा वर्षं हात न लागलेली खाती २०१४पासून रिझर्व्ह बँकेच्या फंडाकडे जातात. त्याआधी ती आमच्याच लेजरांत पडून असायची, आणि पोस्टकार्डं टाकून, गावात माणूस पाठवून आम्ही वारस हुडकायचो. इथं धागा एकच होता: आडनाव. ते जरा दुर्मिळ होतं, आणि लेखात बार्शी लाइटवरच्या एका छोट्या स्टेशनचा उल्लेख होता. त्या आडनावाचे एक पेन्शनर आमच्या शाखेत यायचे. त्यांना विचारलं. ते म्हणाले, आमच्या आत्यांपैकी कुणीतरी असेल, पण या नावाची आत्या आठवत नाही. आठवणार कशी? ते जन्मले तेव्हा त्या आत्याचं नाव बदलून दोन वर्षं झाली होती. त्यांच्या थोरल्या बहिणीनं पत्र पाठवून उलगडा केला. सहाएक महिने गेले यात.

आत्या १९९१ सालीच वारल्या होत्या. मुलगा कोल्हापूरला, मुलगी इचलकरंजीला. मी झेरॉक्स घेऊन आधी मुलाकडे गेलो. साठीला आलेले गृहस्थ, निवृत्त इंजिनिअर. त्यांनी चहा दिला, फोटो पाहिला आणि नम्रपणे सांगितलं, की काहीतरी गफलत आहे. आई मॅट्रिक होती, कॉलेजात गेलेली नव्हती. आणि घड्याळ तर तिनं उभ्या जन्मात घातलं नाही. नावही वेगळंच आहे हे. त्यांच्या मामेबहिणीचं पत्र दाखवलं तेव्हा ते गप्प झाले, पण त्यांना पटलं नव्हतं. मला त्यांचा राग आला नाही. साठाव्या वर्षी कुणा परक्या माणसानं येऊन आपली आई आपल्याला सांगावी, हे कुणाला आवडेल?

मुलगी पंचावन्नच्या आसपासची, शाळेत शिक्षिका. तिनं फोटो बाजूला ठेवला आणि आधी लेख घेतला. दारातच उभी राहून वाचायला लागली. दुसऱ्या पानावर आल्यावर ती खाली बसली. वाचून झाल्यावर म्हणाली, ''आमची आई कुठं जायचं असलं की दोन-दोन तास आधी स्टेशनवर नेऊन बसवायची हो आम्हाला. बाबा चिडायचे. आम्ही पोरं वैतागायचो. नातेवाइकांत थट्टा व्हायची तिची. आणि ती आपली बाकावर पदर सावरून बसायची, अगदी खुशीत. कुणाशी बोलायची नाही.''

मग तिनं एक प्रश्न विचारला, तो मला सुचला नव्हता. आईचं लग्न बेचाळीसच्या वैशाखातलं. हा अंक वाटला कधी? मी अंकाचं पहिलं पान उघडलं. प्राचार्यांच्या अहवालाखाली तारीख जुलैची होती. इंटरची परीक्षा देऊन मुलगी घरी गेली, वैशाखात उजवली, आणि अंक ऑफिसच्या खिडकीत आला तो पावसाळ्यात. तिचा अंक कुणी तिच्या सासरी धाडला असेल का, यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो. मूळ अंक मी तिच्याकडेच ठेवून आलो. माझ्याकडे आता झेरॉक्स आहे.

हे सारं लिहायला बसलो त्याला एक निमित्त झालं. मागच्या वर्षी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी जुने अंक पाहायला गेलो, तर तपासणी समिती यायची म्हणून कपाटं मोकळी करताना ते रद्दीत घातल्याचं कळलं. दाखलखारिज पुस्तकात ओळ होती: 'किरकोळ नियतकालिके, ४२ किलो'. तिथल्या ग्रंथपालबाई नव्या होत्या, त्यांचा दोष नाही. पण ज्यांच्या घरी माळ्यावर असे अंक असतील त्यांना माझी विनंती आहे, की रंग काढण्याआधी एकदा ते खाली उतरवा. आईच्या, आजीच्या, मावशीच्या माहेरच्या नावानं अनुक्रमणिका चाळा. पिना गंजलेल्या असतात, त्या हलक्या हातानं काढा, पानं तुटतात. आणि फोटोखालच्या नावांवर पेन्सिलीनं सासरचं नाव लिहून ठेवा, जितकी ठाऊक असतील तितकी. हे काम करू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.

त्या फोटोतल्या खुर्चीच्या रांगेत मुली पाच आहेत, आणि खाली नावं छापलीत चारच. कंपोझिटरच्या हातून एक राहून गेलं. कोणतं, ते डावीकडून मोजलं तर लक्षात येतं: आमच्या घड्याळवालीच्या शेजारचं. दोघींचे खांदे एकमेकींना टेकलेले आहेत. इचलकरंजीच्या बाईंना मी निघताना विचारलं, ही कोण असेल? त्यांनी फोटो खिडकीशी नेला. म्हणाल्या, आई दर संक्रांतीला पाकिटातून तिळगूळ पाठवायची एका मैत्रिणीला, बार्शीला. तिकडूनही यायचा. ती एकदा घरीही आली होती, आम्हाला गोष्टी सांगितल्या होत्या तिनं. हीच असणार.

''नाव काय त्यांचं?''

बाई आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, ''आम्ही त्यांना बार्शीच्या मावशी म्हणायचो.''